एक हात जास्त

माझ्या भावाचं काम कुणाला दिसलं, की समजावं ते बिघडलं. चित्रकाराचं कौतुक होतं, चौकटवाल्याचंही होतं. पण चित्राच्या खालचं कापड कुणी तयार केलं, असं आजवर एकाही माणसाने विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. दादा तेच करतो. तैलचित्रांसाठी लिननचं कापड चौकटीवर ताणायचं, त्याला सरस द्यायचा, त्यावर पांढऱ्या लेपाचे थर चढवायचे आणि चित्रकाराच्या हवाली करायचं. आमच्या वडिलांनीही जन्मभर तेच केलं. ते म्हणायचे, "सरस दिसला तर चुकला." हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले.

खाली दादा आणि वहिनी राहतात, वर मी. मागच्या लांबट खोलीला आम्ही कारखाना म्हणतो, म्हणायला काय जातं. मी शिवणकाम करते. चित्र फार रुंद असलं की कापडाच्या एका पन्ह्यात बसत नाही, मग दोन पट्ट्या जोडून द्यायचं काम माझं. त्यामुळे या गोष्टीत बोलायचा मला अधिकार आहे, आणि नसता तरी मी बोललेच असते. आमच्या घरात तोंड तेवढं मला मिळालंय. बाकीचे सगळे गिळून बसणारे.

दादाचं काम बघत बसण्यासारखं असतं. आधी कापड धुऊन, वाळवून त्याची सगळी खोड मोडायची. मग चौकटीवर टाकून चारही बाजूंना मधोमध एकेक खिळा. तिथून थोडं इकडे, थोडं तिकडे, समोरासमोर, पक्कडीने ओढत कोपऱ्यांपर्यंत जायचं. एका बाजूने सुरुवात करून दुसरीकडे पोचणारा माणूस दादाच्या लेखी गाढव. सरसाच्या पिवळ्या कपच्या पाण्यात भिजत घालायच्या. जनावरांच्या कातड्यांचा असतो तो, त्यामुळे वास असा की वहिनी नवी होती तेव्हा म्हणाली होती, "या घरात आधी वास राहतो आणि उरलेल्या जागेत माणसं." भिजून फुगला की गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवायचा. उकळी फुटली तर सगळं ओतून द्यायचं, कारण उकळलेल्या सरसात दम राहत नाही. मग रुंद ब्रशने कापडावर फिरवायचा आणि ओला असतानाच लाकडी पट्टीने निपटून काढायचा. लावायचा कमी, काढायचा जास्त.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कापड आणि तेल यांना लांब ठेवायला. लिनन जवसाच्या खोडाचं आणि रंगातलं तेल जवसाच्याच बियांचं. एका आईची लेकरं, पण एकमेकांचं तोंड बघू नये. तेल कापडाला भिडलं की कापड काळं पडतं, कुजतं, बोट लावलं तर भोक पडतं. दोघांच्या मध्ये सरस. दादा गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, "भांडण सोडवणाऱ्याने मध्ये उभं राहावं, तिथेच संसार थाटू नये." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचे.

दादाला मुलगी झाली ती उशिरा, आम्ही सगळ्यांनी आशा सोडल्यावर. रांगायला लागली ती थेट कारखान्यात. अंगावर कुठे ना कुठे पांढऱ्याचा ठिपका असायचाच, म्हणून तिचं नाव ठिपकी पडलं. शाळेतल्या बाईंनी खऱ्या नावाने हाक मारली की तिलाच ओळखू यायचं नाही. बोलायला मात्र माझ्यावर गेली होती. "आत्या, तुझी शिलाई माझ्या आकाशातून गेलीय," असं मला सुनावायची, आणि पोर खरं बोलत असायची.

तिने पहिलं तैलचित्र केलं ते कारखान्यातल्या एका उरल्यासुरल्या तुकड्यावर. दादाने त्याला सरस दिला होता, पण घाईत, कुठे लागला कुठे नाही. चित्र होतं वहिनीचं, पाठमोरं, भांडी घासतानाचं. काही महिन्यांनी तिने ते उलटं करून बघितलं तर मागे तेलाचे तपकिरी डाग फुटलेले. अंगठ्याने दाबलं आणि अंगठा आरपार गेला. वहिनीच्या पाठीतून बाहेर. पोर इतकी रडली की दादाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारखान्यात जाऊन तो मोकळ्या चौकटींकडे बघत उभा राहिला आणि मला म्हणाला, "परक्यांची चित्रं टिकतात माझ्या कापडावर, आणि माझ्या पोरीचं फाटतं."

त्यानंतर ठिपकीसाठी कापड करताना दादाने सरसाचा एक हात जास्त द्यायला सुरुवात केली. एकाऐवजी दोन. आणि निपटून काढणं जवळजवळ बंदच. मी एकदा बघितलं आणि विचारलं, "बाबा काय म्हणायचे विसरलास का?" तर हसून म्हणाला, "बाबा गिऱ्हाइकांबद्दल बोलायचे." दुधावरची साय आई आपल्या लेकराच्या पेल्यात जास्त ओतते, तसं वाटलं मला ते. कौतुकच वाटलं. आपलं माणूस आहे, त्याला हात आखडून कसा द्यायचा?

ठिपकी मोठी झाली, बऱ्यापैकी नाव झालं. फार नव्हे, पण गावातल्या चारचौघांच्या भिंतींवर तिची चित्रं लागली. मग तिची छाती भरायला लागली. आधी खोकला, मग जिना चढताना दम, मग दवाखाना, मग दुसरा दवाखाना. शेवटी ती खिडकीजवळच्या खाटेवर बसून राहायची. समोर आरसा मागून घेतला, दादाकडून कापड मागून घेतलं, आणि वहिनीचा पिवळा स्वेटर अंगात घालून स्वतःचं चित्र केलं. हळूहळू, उसने श्वास घेत. चित्रात तिने स्वतःला आजारी दाखवलं नाही. ओठ जरासे उघडे आहेत, कुणाला तरी उलट उत्तर देणार आहे असे. चित्र पुरं झालं आणि ती गेली.

वहिनीने ते पुढच्या खोलीत लावलं, आपल्या खुर्चीसमोर. तिथेच बसून ती भाजी निवडायची, बटणं शिवायची, आणि चित्राशी बोलायची. मोठमोठ्याने नाही. "आज डाळ करपली गं," एवढंच. फोटो होते की घरात, पुष्कळ होते. पण फोटोत ठिपकी फोटो काढणाऱ्याकडे बघतेय. चित्रात ती स्वतःकडे बघत होती, म्हणजे खुर्चीत बसणाऱ्याकडे. वहिनी त्या नजरेवर जगली असं मी म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगत नाही.

खपली मी आणि दादाने एकदमच बघितली. मी शिवलेलं कापड द्यायला खाली आले होते, वहिनी बाजारात गेली होती. चित्राखाली फरशीवर नखाएवढा पिवळा तुकडा पडला होता. स्वेटरचा. दादाने तो उचलून तळहातावर उलटा केला. मागची बाजू पांढरी होती, आणि त्या पांढऱ्यावर काचेसारखी चकाकी. दादाने ती चकाकी बोटाने चाचपली, बोट जिभेला लावलं, आणि खपली पुन्हा उजेडात धरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सरस आहे," तो म्हणाला. "माझा सरस आहे."

मग त्याने मला सांगितलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला हे नेहमीच ठाऊक होतं. दमट हवेत सरस ओल पिऊन फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. पातळ असला तर कापडाच्या अंगाने हलतो, कुणाला पत्ता लागत नाही. जाड असला की तो स्वतःच्या मर्जीने हलतो, आणि वर जे काही असेल ते उखडून टाकतो. म्हणून बाबा निपटून काढायला लावायचे. ही काही गुपितं नव्हती. दादा हेच हाताखालच्या शिकाऊ पोरांना शिकवायचा. फक्त पोरीचं कापड समोर आलं की त्याला वाटायचं, आपल्या मायेला हा नियम लागू नाही.

त्याला खात्री करून घ्यायची होती, म्हणून आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ठिपकीचं एक चित्र होतं, झाडाखाली उभ्या केलेल्या सायकलींचं. त्याच भिंतीवर दुसऱ्या एका चित्रकाराचं चित्र, तेही दादाच्याच कापडावर, त्याच सुमाराचं. दुसरं चित्र ठणठणीत. ठिपकीच्या सायकलींना भेगा गेलेल्या, आणि एका चाकाच्या जागी नुसतं कापड. डॉक्टर भला माणूस, आम्हाला बघून ओशाळला. म्हणाला, "वाईट वाटतं हो. बहुतेक रंग हलक्या प्रतीचे वापरले असतील तिने. तरुण मुलं, परवडत नाहीत."

दादा दाराकडे चालायला लागला, तेव्हा मला वाटलं, गिळला याने हाही घोट. पण दारापर्यंत जाऊन तो परत वळला.

"रंग उत्तम होते तिचे," तो म्हणाला. "कापड माझं होतं. तिचं काही चुकलं नव्हतं."

खोलीत गाल धरून बसलेली दोनतीन माणसं आमच्याकडे बघायला लागली. डॉक्टर म्हणाला, "अहो, असू द्या, असू द्या." रस्त्याने येताना दादा एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होता, "ती असती तर हे ऐकून घ्यावं लागलं असतं तिला." मी त्याचा हात धरला. आम्ही लहान नव्हतो, पण धरला.

जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एक बाई दादाच्या ओळखीच्या होत्या. त्यांना बोलावलं, वहिनी तिच्या बहिणीकडे गेली होती तेव्हा. बाईंनी खिडक्या बंद करून चित्रावर बाजूने बॅटरी मारली. तसा उजेड पडल्यावर मला दिसलं ते मी विसरू शकत नाही. पोरीचा सगळा चेहरा कापडावरून सुटून, वाळलेल्या चिखलासारखा कडा वळवून उभा होता. समोरून बघताना ठिपकी, बाजूने बघताना खपल्या.

बाई म्हणाल्या, "पाण्याचा हात लावू नका, सरस पुन्हा फुगेल. हे भिंतीवरून आजच उतरवा आणि तोंड वर करून आडवं ठेवा. सुटलेलं जागच्या जागी राहिलं तर मी मेणाने एकेक तुकडा बसवीन. पण एकदा गळून पडलं की मग माझ्याकडे येऊ नका."

म्हणजे चित्र वाचण्यासारखं होतं. फक्त भिंतीवरून उतरवायचं होतं. आणि ते उतरवायचं म्हणजे वहिनीला कारण सांगायचं.

"मी सांगते," मी म्हटलं.

"नको," दादा म्हणाला. "माझ्या हातून झालंय, मीच सांगेन. ती येऊ दे परत. तिच्या माघारी उतरवलं तर दारातून आत आल्याआल्या भिंत बघेल आणि... नको. तुला माझी शपथ."

वहिनी परत आली. दादा पुढच्या खोलीत गेला, मी दाराआड कान देऊन उभी. मग दादाचा आवाज, "चहा टाकतेस का जरा?" मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी, "आज सांगतो." मग, "तिचं डोकं दुखतंय, बरं वाटलं की सांगतो." मी त्याला वाट्टेल ते बोलले. भित्रा म्हटलं, कसाई म्हटलं. तो मान खाली घालून ऐकायचा आणि भल्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चित्राखालची फरशी तपासायचा. सापडलेली प्रत्येक खपली तो माझ्या बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवत होता. कधी दारंखिडक्यांची काळजी न केलेला हा माणूस संध्याकाळी दारंखिडक्या लावत फिरायचा, हवा लागू नये म्हणून.

मग हवा फिरली. इतके दिवस दमट होतं, एकदम कोरडा वारा सुटला. ओठ फुटायला लागले, माझ्या शिलाई मशीनच्या लाकडाने करकर सुरू केली. मी भर दुपारी खाली धावले. ठरवलं होतं, शपथ गेली खड्ड्यात. दारात पोचले तेव्हा वहिनी खुर्चीत होती, दादा तिच्यासमोर उभा, तोंड उघडलेलं. आज तो खरंच सांगणार होता. माझा त्यावर विश्वास आहे. आणि त्याच्या पाठीमागे भिंतीवरून असा आवाज झाला, जसा मूठभर सुकी पानं कुणी चुरडावी.

तिघांनी बघितलं. आधी गाल गेला, त्याने जाता जाता ओठ नेले, आणि मग कपाळ आणि डोळे एकदमच खाली आले. फरशीवर पडून त्याचा भुगा झाला. वर नुसतं कापड राहिलं आणि कडेकडेने थोडा पिवळा स्वेटर.

दादा गुडघ्यांवर बसला आणि तळहाताने भुगा एका जागी गोळा करायला लागला. "अगं, माझ्यामुळे," तो म्हणत होता. "सरस जास्त... मी तिला एक हात जास्त द्यायचो गं... माझ्यामुळे झालं हे."

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली.

ती उठली, कपाटातून तिने एक छोटा डबा काढला आणि दादाजवळ फरशीवर बसून उघडला. त्यात खपल्या होत्या. पिवळ्या, काही केसांच्या काळ्या. तीही वेचत होती. दादा भल्या सकाळी, ती दुपारी.

"कुणी सांगितलं तुला?" दादाने विचारलं.

"तिनेच. आजारी पडायच्याही आधी. म्हणाली, आई, बाबांचं कापड ब्रशखाली काचेसारखं लागतं, सरस फार झालाय. मी म्हटलं, मग सांग की त्यांना. तर म्हणाली, नको हं, तूही सांगू नकोस. ते फक्त माझ्यासाठी करतात, त्यांना वाईट वाटेल." वहिनीने डब्यातल्या खपल्या बोटाने सारख्या केल्या. "म्हणाली, माझी चित्रं कुठे शंभर वर्षं टिकायचीयत."

दादाच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. "एक शब्द बोलली असती," तो म्हणाला. "एक शब्द. मी पुसून दिलं असतं सगळं."

माझा तोल गेला. मी वहिनीवर ओरडले, "आणि तू? तुला दिसत होतं ना पडतंय ते? मग का नाही बोललीस?"

"मी बोलले असते तर यांना वाटलं असतं, मी दोष देतेय," वहिनी म्हणाली. "वाट बघत होते, हे आपणहून सांगतील म्हणून. यांना हलकं वाटलं असतं, वन्सं."

एकाने दुसऱ्याला जपलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. असल्या जपण्याला आग लागो, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते. भांडखोर घरात ते चित्र वाचलं असतं. कुणीतरी कुणाला तरी तोंडावर फाडफाड बोललं असतं, दोन दिवस अबोला झाला असता आणि पोर आडवी, सुखरूप राहिली असती.

दोघांनी दोन्ही डबे एकत्र करून जुळवायचा प्रयत्न केला. टेबलावर पांढरी चादर अंथरून, चिमट्याने. स्वेटरचा एक हात जमला. चेहऱ्याचं काहीच नाही. डोळ्याचा असेल असं वाटणारा एक तुकडा वहिनीने वेगळा ठेवला होता, पण दादा म्हणाला, तो केसांच्या सावलीचा आहे. त्याला रंगांची ओळख पक्की आहे, त्यामुळे तो खरंच तसा असणार. पण एवढं तरी न बोलता राहता आलं असतं त्याला.

ते कापड वहिनीने भिंतीवरून काढू दिलं नाही. अजून तिथेच आहे. तपकिरी, घट्ट ताणलेलं, एकही सुरकुती नाही, बोटाने वाजवलं तर वाजेल. संध्याकाळी ऊन खिडकीतून आत आलं की सरस चकाकतो आणि ब्रश कुठून कुठे फिरला ते एकेक वळण दिसतं. वहिनी समोर बसते, बटणं शिवते. बोलत नाही आता. दादा कारखान्यात परक्यांची कापडं करतो, एक हात, निपटून, बाबांनी सांगितलं तसं. ती सगळी टिकतील.

परवा विजेचं मीटर बघायला एक माणूस आला होता. नवा होता, बोलका. आकडा लिहून घेतला आणि त्याचं भिंतीकडे लक्ष गेलं. बराच वेळ बघत राहिला. दादा तिथेच दाराजवळ उभा होता.

"हे काय आहे हो?" त्याने विचारलं. "छान चमकतंय. कुणाचं काम?"

वहिनीने सुईत दोरा ओवला, दाताने तोडला.

"यांचं," ती म्हणाली.